स्पितीची रंगीत तालीम

जायचं कुठे, हे भारंबे बहिणींचं दहा वर्षांपूर्वीच ठरलं होतं. स्पितीला. थोरली रेवती पुण्याहून निघणार, धाकटी सोनल जळगावहून, दोघी दिल्लीत भेटणार आणि तिथून वर पहाडात. तिकिटं काढून झाली होती, लोकरीचे मोजे घेऊन झाले होते. आणि निघायच्या आठवड्यातच आई न्हाणीत पडली. त्यानंतर तिचं डावं अंग पुन्हा हललं नाही.

सोनलनं लग्न केलं नव्हतं. ती आईजवळच राहायची आणि गावाबाहेरच्या एका प्रयोगशाळेत केळीची रोपं वाढवण्याचं काम बघायची. आईचं सगळं तिच्यावर आलं. रेवतीला नवरा, मुलगा, नोकरी. तरी दर उन्हाळ्यात ती महिनाभर येऊन राहायची आणि धाकटीला बळेबळे घराबाहेर काढायची. "जा, कुणाकडे तरी जाऊन ये. मी आहे ना इथे." आई गेली तीही अशाच एका दिवशी. सोनल मैत्रिणीच्या मुलीच्या लग्नाला भुसावळला गेली होती आणि घरी रेवती होती.

वर्षश्राद्धाच्या दुपारी पाहुणे पांगले. भांडी पुसता पुसता रेवती म्हणाली, "आता जाऊ या का गं आपण?"

कुठे, हे सोनलला विचारावं लागलं नाही.

पण मधल्या काळात सहलीला जाण्याची रीतच बदलून गेली होती. उन्हाळे असे झाले होते की वर्षातले मोजकेच आठवडे फिरण्याजोगे उरले होते. त्यात रजा मिळायची मारामार. एवढं करून गेलेली सहल फसली तर माणसं हताश होऊन परतायची. म्हणून पर्यटन कंपन्यांनी नवीन सोय काढली होती. तिला सगळे रंगीत तालीम म्हणायचे.

कल्पना साधीच होती. माणूस वर्षानुवर्षं फोन वापरतो. त्यात त्याचा आवाज असतो, त्यानं लिहिलेलं आणि लिहून खोडलेलं असतं. कुठल्या फोटोवर त्याची नजर रेंगाळली, कुणाचं नाव दिसताच मनगटावरच्या घड्याळात नाडी वाढली, हेही नोंदलेलं असतं. या सगळ्यातून संगणक त्या माणसाची प्रतिकृती बांधायचा. लोक तिला 'जुळी' म्हणत. जुळीला मन असतं, असा दावा कुणी करत नव्हतं. पण अमुक प्रसंगी हा माणूस काय बोलेल, कुठे गप्प बसेल, कशावर चिडेल, हे ती त्याच्या घरच्यांपेक्षा बरोबर सांगायची. मग ज्यांना एकत्र जायचं असेल त्यांच्या जुळ्या एकत्र सोडायच्या. रस्ते, हॉटेलं, हवामान, गर्दी, सगळी माहिती भरायची आणि त्यांना सहलीला पाठवायचं. तेही एकदा नाही, हजारो वेळा. कधी वाटेत दरड कोसळलेली, कधी जेवण बिघडलेलं, कधी सगळं सुरळीत. जिथून माणसं बहुतेक वेळा आनंदात परततात, ती तुमची जागा.

सोनलला हे पटायला जड गेलं नाही. तिच्या प्रयोगशाळेत एका कोंबापासून हजारो रोपं व्हायची, आणि सगळी हुबेहूब सारखी. एखादंच रोप कधी वेगळं पान काढायचं. ते वेगळं का निघालं, हे कुणालाच सांगता यायचं नाही.

दोघींनी संमती दिली. रेवतीनं पुण्याच्या शाखेत, सोनलनं जळगावच्या. संमतीत आईच्या मनगटावरच्या पट्ट्याची जुनी माहितीही आली होती, कारण तो पट्टा सोनलच्याच फोनला जोडलेला होता. तिनं ते वाचलं नाही. कोण वाचतं?

निकालाच्या दिवशी कंपनीतले सल्लागार बोरोले तिच्यासमोर बसले. पन्नाशीचे, मृदू बोलणारे गृहस्थ. त्यांनी आधी चहा मागवला.

"मॅडम, स्पिती राहू द्या," ते म्हणाले. "तुमच्यासाठी व्हिएतनामच्या किनाऱ्यावरचं एक रिसॉर्ट फार छान निघालंय. सकाळी पोहणं, दुपारी स्वयंपाकाचे वर्ग, संध्याकाळी गाणीबजावणी. दोघी खूप हसताय तिथे."

"आणि स्पितीत?"

"स्पितीत बहुतेक वेळा सहल अर्धवट संपते."

"म्हणजे? कुणी आजारी पडतं?"

"नाही. तुमच्या ताई एकट्याच परततात."

सोनलनं कप खाली ठेवला. बोरोलेंनी नजर टेबलाकडे वळवली. "तिथे मोकळा वेळ फार असतो, मॅडम. फोनला रेंज नसते. माणसं बोलत बसतात. रिसॉर्टमध्ये तसा वेळच मिळत नाही."

"काय बोलतो आम्ही?"

"ते बघता येतं. पण फक्त तुमची बाजू. तुमच्या ताईंच्या जुळीचं बोलणं तुम्हाला दाखवायला कायद्यानं बंदी आहे. त्यांना त्यांची बाजू दिसते, तुम्हाला तुमची." मग जरा थांबून ते म्हणाले, "मी तुमच्या जागी असतो तर बघितलं नसतं. बहुतेक लोक बघत नाहीत. रिसॉर्ट घेतात आणि मजेत जाऊन येतात."

सोनलनं बघितलं.

शेजारच्या छोट्या खोलीत तिला एकटीला बसवून बोरोले बाहेर गेले. पडद्यावर वाटाण्याचं शेत दिसलं, खाली करड्या पात्रातून वाहणारी नदी, आणि दगडी बांधावर शाल पांघरून बसलेली ती स्वतः. आपण बसताना असा डावा खांदा पाडतो, हे तिला माहीतच नव्हतं. शेजारी एक धूसर आकृती होती. तिला चेहरा नव्हता, आवाज नव्हता.

"ताई, तुला एक सांगायचंय," पडद्यावरची सोनल म्हणाली. "त्या दिवशी मी भुसावळला पंगतीत बसले होते. तेव्हा फोन वाजला. आईच्या पट्ट्याचा इशारा होता. तिचा ऑक्सिजन खाली चालला होता. मी वाचलं आणि फोन पालथा ठेवला."

खुर्चीतली सोनल पडद्याकडे सरकली.

"तू घरी आहेस म्हणून नाही ठेवला," पडद्यावरची सांगत होती. "खोटं कशाला बोलू? मला वाटलं, होऊ दे आता. वाढपी आला. बट्टी घेणार का म्हणाला. मी हो म्हटलं. वरून वरणही घेतलं."

हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. कुठे लिहिलं नव्हतं. एकटी असतानाही मनात ते तिनं कधी वाक्यात मांडलं नव्हतं. आणि आता तिच्याच आवाजात, तिच्याच खोकल्यासकट कुणीतरी ते बोलून मोकळं झालं होतं.

धूसर आकृती हलली. ती काहीतरी बोलत असावी, कारण पडद्यावरची सोनल मान वळवून ऐकू लागली होती. बराच वेळ. मग ती म्हणाली, "म्हणजे? पट्ट्याचा घरातला भोंगा वाजला नाही का?"

शांतता.

"तू बंद केलास?"

शांतता.

"आणि कुणालाच बोलावलं नाहीस? डॉक्टर समोरच्या गल्लीत होते, ताई. नुसती बसून राहिलीस?"

पुन्हा शांतता, आधीपेक्षा लांब.

"आई म्हणाली? काय म्हणाली? तिला नीट बोलता तरी येत होतं का?" आता तिचा आवाज चढला होता. "नऊ वर्षं मी तिचं केलं. मी! तू महिनाभर यायचीस आणि तू ठरवलंस?" त्यापुढचं बोलणं सोनलला ऐकवेना. शेवटी धूसर आकृती उठली, बांधावरून चालत गेली, लहान लहान होत गेली. पडदा विझला.

बोरोले पाणी घेऊन दारात उभे होते.

"यंत्राला हे कसं कळलं?" तिनं विचारलं.

"त्याला काही कळत नाही, मॅडम. त्या दिवशी इशारा आला, तो काही क्षण तुमच्या नजरेसमोर होता, नाडी वाढली आणि मग संथ झाली. नंतर तो इशारा तुम्ही कितीतरी वेळा उघडून पाहिलाय. एवढ्यावरून ते जुळवतं. चुकतही असेल."

ते चुकलं नव्हतं. आणि तिच्या बाबतीत चुकलं नसेल, तर ताईच्या बाबतीतही चुकलं नसणार. तिनं त्यांच्या हातातला ग्लास घेतला.

"भांडणानंतर काय होतं?" ती म्हणाली. "ताई परत गेल्यावर? सहा महिन्यांनी, वर्षानं?"

"ते आम्ही चालवत नाही. सहल संपली की तालीम संपते."

"मग आम्ही कायमच्या तुटलो की नाही, हे तुम्हाला ठाऊक नाही."

"नाही," बोरोले म्हणाले. "आम्ही फक्त सहल कशी होईल तेवढंच सांगतो."

तिनं पाहिलेला तुकडा त्यांनी तिच्या फोनवर पाठवला. ग्राहकाचा तो हक्कच होता. घरी येऊन तिनं तो पुन्हा पाहिला. दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याआधी पाहिला. प्रयोगशाळेत बाटल्यांच्या रांगांमध्ये उभं राहून पाहिला. पहिल्यांदा ती रडली, मग चिडली, मग ताईचे न ऐकू आलेले शब्द स्वतःच भरून पाहू लागली. आठवडाभरात तिला सगळं पाठ झालं. कुठे आवाज चढतो, कुठे खोकला येतो, सगळं. 'होऊ दे आता' या शब्दांपाशी सुरुवातीला ती तुकडा थांबवायची. नंतर ते नुसते शब्द झाले.

रविवारी रेवतीचा फोन आला.

"झाली का गं तुझी तालीम?"

"झाली. तुझी?"

"झाली की."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"तुला काय निघालं?" सोनलनं विचारलं.

"तुला निघालं तेच असेल. रिसॉर्ट." रेवती हसली. "पोहायचं म्हणे आपण. मला पाण्यात उतरायची भीती वाटते, हे त्या यंत्राला कळलं नाही वाटतं."

"ताई, तू... बघितलंस का काही?"

"मला कुठे वेळ असतो?" रेवती पटकन म्हणाली. "तू?"

"नाही," सोनल म्हणाली.

आयुष्यात दोघी एकमेकींशी फारसं खोटं बोलल्या नव्हत्या. फोन कानाला तसाच धरून सोनल खिडकीपाशी गेली. एक गोष्ट तिला स्पष्ट दिसत होती. रिसॉर्टला गेलो तर हसू, फोटो काढू, परत येऊ. मग पुढच्या वर्षी तसंच, त्याच्या पुढच्या वर्षी तसंच. आणि एक दिवस दोघींपैकी एक जण हे पोटात ठेवूनच मरेल. तिला ताईचं ओरडणं हवं होतं. ज्या गोष्टीची शिक्षा तिला कुणी दिली नव्हती, ती ताईनं द्यावी असं वाटत होतं. आणि ताईलाही काही सांगायचं असलं तर समोरासमोर सांगू दे. मग काय तुटायचं ते तुटू दे.

"स्पितीलाच जाऊ," ती म्हणाली. "आपलं आधीपासून तेच ठरलंय."

तिला वाटलं, ताई काहीतरी कारण काढेल. पण रेवती लगेच म्हणाली, "बरं." इतक्या लगेच, की सोनलनं फोन कानापासून काढून त्याच्याकडे पाहिलं.

स्पितीतल्या काझा गावाच्या पुढे एका लहानशा वाडीत त्या उतरल्या. घराची मालकीण डोलमा नावाची बाई होती, गालांवर उन्हानं तडकलेली लाली, मोडकंतोडकं हिंदी. पहिल्या दिवशी विरळ हवेनं दोघींचं डोकं दुखलं. दुसऱ्या दिवशी त्या मठात जाऊन आल्या. रेवती खूप बोलत होती. मुलाच्या नोकरीबद्दल, नवऱ्याच्या गुडघ्यांबद्दल, पुण्यातल्या पाण्याबद्दल. आईचं नाव ती काढत नव्हती. सोनल शब्दाला शब्द देत होती आणि वाट पाहत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्या घरामागे फिरायला निघाल्या आणि सोनलला ते शेत दिसलं. वाटाण्याला शेंगा लागल्या होत्या. पलीकडे दगडी बांध, खाली नदी. पडद्यावर होतं तसंच, फक्त पडद्यावर वारा नव्हता. इथे तो कानात शिरत होता.

रेवती बांधापाशी थबकली. जागा ओळखणारं माणूस थबकतं तशी. मग बसली. सोनल शेजारी बसली. बसताना तिनं डावा खांदा मुद्दाम सरळ ठेवला.

आता बोलायचं होतं. तिनं आपले शब्द शोधले, पण तोंडाशी आलं ते एकच वाक्य. "ताई, तुला एक सांगायचंय," ती म्हणाली, आणि आपलाच आवाज तिला दुसरीकडून आल्यासारखा वाटला. त्याच जागी तिला खोकला आला.

"बट्टीचं सांगणार आहेस?" रेवतीनं विचारलं.

खालून नदीचा आवाज येत होता.

"तुला कसं ठाऊक? माझी बाजू तुला दिसत नाही."

"माझी दिसते ना. 'बट्टी घेतलीस? आई तिकडे तडफडत होती आणि तू बट्टी घेतलीस?' असं माझी जुळी तुला विचारते." रेवती हे सपाट आवाजात म्हणाली, भाजीची यादी सांगावी तसं. "मग माझं सांगते. भोंग्याचं. ते तुला कळलंय?"

"कळलंय."

"हं."

सोनलनं तिच्याकडे वळून पाहिलं. रेवतीचा चेहरा शांत होता. आईच्या तेराव्याला सुजला होता, तसा नव्हता. झोप पुरी झालेल्या माणसाचा होता.

"मग ओरड माझ्यावर," सोनल म्हणाली. "त्याच्यासाठीच आलेय मी इथे."

"ओरडले गं. पुण्यात. त्यांच्या त्या खोलीत. पडद्यावर ती ओरडत होती आणि इकडे मी. तिथली मुलगी धावत आली. मी परत लावायला सांगितलं. परत ओरडले. फोनवरही पाहत राहिले. घरी कुणी नसताना लावायचे." ती नदीकडे बघत राहिली. "नंतर नंतर काहीच वाटेना. तुझं काय झालं?"

सोनलनं स्वतःला विचारून पाहिलं. तू ठरवलंस, हे वाक्य तिनं मनात म्हणून पाहिलं. ते पाठ होतं. त्यात आता काही शिल्लक नव्हतं.

"तसंच," ती म्हणाली.

तिला एकाएकी भीती वाटली. लहानपणी जत्रेत ताईचा हात सुटला होता, तशी. इतक्या दुरून ज्या गोष्टीसाठी आलो, ती आपण दोघी नसतानाच उरकली गेली होती. पण एक गोष्ट अजून उरली होती. यंत्राकडे त्याची नोंद असणं शक्य नव्हतं. त्या दुपारी आईच्या खोलीत ताईखेरीज कुणी नव्हतं.

"ताई, आई खरंच काय म्हणाली? शेवटी?"

रेवतीनं तोंड उघडलं. पहिल्यांदाच तिच्या कपाळाला आठी पडली. ती आठवत होती. डोळे बारीक करून, ओठ हलवून.

"पुरे, असं म्हणाली," ती म्हणाली.

"असं तू ऐकलंस?"

"माझी जुळी तसं सांगते. 'आई म्हणाली, पुरे.'" रेवती थांबली. "आधी मला वेगळं काहीतरी आठवायचं, सोनू. तिनं माझं बोट धरलं होतं. काहीतरी अस्पष्ट म्हणाली होती. तुझं नाव होतं की काय होतं. मला नीट कळलं नव्हतं, म्हणून तर मी कुणाला सांगितलं नाही. पण आता आठवायला गेलं की 'पुरे' एवढंच ऐकू येतं. आईच्या आवाजातच येतं."

"आठव ना, ताई."

"आठवतेय गं."

सोनलनं तिचा हात धरला. थंड, खरखरीत हात. रेवतीनं तो धरू दिला. वाऱ्यानं वाटाण्याचे वेल एका बाजूला निजवले आणि सोडले. रेवतीचे ओठ आणखी एकदा हलले. मग तिनं मान नकारार्थी हलवली.

घरातून डोलमानं चहासाठी हाक मारली.

रेवती उठली, साडीला लागलेली माती झटकली. पडद्यावरच्यासारखी ती निघून गेली नाही. सोनलला हात देऊन तिनं उठवलं आणि दोघी बांधावरून बरोबरीनं घराकडे निघाल्या.

"जळगावच्या घराचं बोलायचंय आपल्याला," चालता चालता रेवती म्हणाली. "विकायचं की ठेवायचं. मी म्हणते, आधी त्यांच्याकडून तालीम करून घेऊ. कंपनीनं आता घरगुती गोष्टींसाठीही सुरू केलंय म्हणे. उगाच एकमेकींना दुखवायला नको."

"ताई, ते आपण बोलू की. आत्ता बोलू."

"बोलू ना. तालीम झाली की बोलू." रेवतीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला, अगदी मायेनं. "डोकं कमी दुखतंय का आता?"

सोनल हो म्हणाली. डोलमानं अंगणात दोन खुर्च्या मांडल्या होत्या. रेवतीनं चहाचा घोट घेतला, छान झालाय म्हणाली आणि मठाचे फोटो काढून एकेक दाखवू लागली. सोनल फोटो बघत नव्हती. ती ताईच्या चेहऱ्याकडे बघत होती. तो एकदा तरी रागानं विस्कटेल म्हणून ती उन्हं डोंगराआड जाईपर्यंत बघत राहिली.